कात्री मी नेली होती

बडोदा
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला गेलं की आईचा आवाज बारीक होतो आणि मी विषय बदलते. म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्हीच वाचून दाखवा, चष्मा लावून, आणि मधली ओळ गाळू नका.

आधी मुख्य गोष्ट. मामांनी ज्या शाळेत शब्द टाकला होता, तिथे मी सोमवारी ‘नाही’ कळवलं. ड्रॉइंग टीचरची नोकरी मला कमी वाटते असं कृपा करून मनात आणू नका. पण परफॉर्मन्स आर्टचं, म्हणजे स्वतः लोकांसमोर बसून करायच्या कलेचं, दोन वर्षांत जे नुकतं कुठे उमगायला लागलंय, ते आत्ता घरी आले तर हातचं जाईल. आणखी एक वर्ष मी इथेच राहणार आहे. मामांशी स्वतः बोलले. थोडे नाराज आहेत, पण तुम्ही मध्ये पडू नका. रागावायचं तर माझ्यावर रागावू देत.

खर्चाची काळजी नको. शनिवार-रविवार दोन सोसायट्यांत मुलांचे चित्रकलेचे क्लास घेते. खोलीचं भाडं तिघींत वाटलं जातं. पाणी दोन वेळ येतं, पंखा नवा बसवलाय. खालच्या मावशी सांगलीकडच्या आहेत, त्यांच्याकडे भाकरी मिळते. तुझी चटणी अजून अर्धी बरणी आहे आई, पुरवून खाते. रात्री एकटी फिरत नाही.

आता त्या क्लिपचं. त्या दिवशी तू फोन करून फक्त ‘जेवलीस काय’ विचारलंस आणि ठेवून दिलास. नंतर दादाकडून कळलं की गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर ती फिरत होती आणि हळदीकुंकवाला कुणीतरी तुझ्या हातात मोबाईल दिला. 28 सेकंद. तुझी लेक फरशीवर मांडी घालून विड्या वळतेय आणि खाली कुठलंतरी नाचाचं गाणं जोडलेलं. ‘एवढं शिकवून हेच काय’ असं कुणी म्हणालं, तेही कळलं. आई, त्या क्लिपमध्ये जे नव्हतं ते सांगते.

मी सकाळी नऊला बसले आणि संध्याकाळी पाचला उठले. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं, पत्र्याचा साचा, कात्री, दोरा. तंबाखू घेतला नव्हता, रिकामीच विडी वळायची. बोलायचं नाही, उठायचं नाही. बघणाऱ्यानं हवा तेवढा वेळ थांबावं. पहिल्या तासात पोरं फोटो काढून गेली. दुपारी मान धरली आणि तेव्हा मला तू दिसलीस. निपाणीच्या घरी, ओसरीच्या खांबाला टेकून, दातात दोरा, आणि मी तुझ्या पाठीला पाठ लावून पाढे म्हणतेय. तू हजाराचा हिशोब जुळवायचीस आणि मी सतराच्या पाढ्यात अडकायची. तू मागे न बघता पुढचा आकडा सांगायचीस.

तीनच्या सुमाराला झाडलोट करणाऱ्या एक मावशी समोर येऊन बसल्या. काही न बोलता एकेक पान उचलून पुसायचं आणि माझ्या सुपात ठेवायचं, असं जवळजवळ तासभर केलं त्यांनी. उठताना माझ्या गुडघ्यावर हात टेकला. दोन वर्षांत माझ्या कामाला कुणी इतकं जवळून पाहिलं नव्हतं. माझ्या विड्या झाल्या 212, त्यातल्या निम्म्या तू छाट म्हणून काढल्या असत्यास. तेवढ्याच वेळात तुझ्या हातून किती व्हायच्या, तो आकडा मी मागच्या भिंतीवर खडूनं मोठा लिहिला होता. क्लिप काढणाऱ्यानं भिंत घेतलीच नाही.

हे सुचलं कुठून, तेही सांगते. युगांतर नावाच्या गटानं 1982 मध्ये निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर एक माहितीपट केला होता. आमच्या मॅडमनी तो वर्गात दाखवला. वखारीतली धूळ, नाकातोंडावर बांधलेले पदर, आणि आपण एकत्र कशा आलो ते त्या बायका स्वतःच सांगतायत. वर्गात सगळे गप्प होते आणि मी एकटी प्रत्येक चेहऱ्यात आज्जीला शोधत होते. सापडली नाही. पण पदर बांधायची पद्धत तिचीच होती. ती माणसं आधी त्या बायकांत जाऊन राहिली, मग कॅमेरा लावला. कॅमेरा त्यांच्याकडेही होता आणि त्या क्लिपवाल्याकडेही, आई. फरक किती वेळ थांबलात त्याचा आहे. म्हणूनच मी असं काम करते की जे बघायला थांबावंच लागतं. फोनवर सगळंच सरकवून पुढे जाता येतं. समोर बसलेल्या माणसाला सरकवता येत नाही.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत की यात कला कुठे आहे. तुम्ही मला सायकलवरून आपल्या बेळगावातल्या वरेरकर नाट्य संघात चित्रकार के. बी. कुलकर्णींची पोर्ट्रेटं दाखवायला न्यायचात, तशी चित्रं काढ म्हणायचात. त्या चित्रांवरची माया कमी झालेली नाही, पेन्सिल रोज हातात असते. पण एका माणसाचं ऐका. तेहचिंग शिए, तैवानचा. न्यूयॉर्कमध्ये कागदपत्रांशिवाय राहायचा, हॉटेलात भांडी घासायचा. एप्रिल 1980 पासून वर्षभर त्यानं दर तासाला, कारखान्यात हजेरीच्या घड्याळात करतात तसं, कार्ड पंच केलं. रात्री, पहाटे, आजारपणात, दर तासाला. वर्षाचे 8,760 पंच, त्यातले 133 चुकले, आणि चुकलेलेही त्यानं लिहून ठेवले. दर वेळी फोटोची एक चौकट घेतली. सुरुवातीला डोकं भादरलं होतं. त्या चौकटी जोडून जी सहा मिनिटांची फिल्म होते, तिच्यात केस खांद्यापर्यंत वाढतात आणि माणूस आपल्या डोळ्यांदेखत थकत जातो. मला ती बघताना उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं टाइम ऑफिस दिसलं, तुमची तिसरी पाळी दिसली, आणि दोन मिनिटं उशिरा पंच झालं म्हणून कापलेला अर्धा दिवस. तुमची कार्डं कुणी भिंतीवर लावली नाहीत. मला लावायची आहेत. ट्रंकेत जुनी असतील तर रद्दीत देऊ नका.

आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत तुम्ही चित्ररथावर बाजीप्रभू झाला होतात, ते आठवतं? दोन्ही हातांत तलवारी, ट्रॉलीवर रात्रभर तसेच उभे. दादाच्या खांद्यावरून मी ओरडत होते आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. मला रडू आलं होतं. उजाडायच्या सुमाराला खाली उतरलात तेव्हा मुठी उघडत नव्हत्या, आईनं गरम पाणी ओतलं हातांवर. मी जे शिकतेय त्याचा पहिला धडा तो होता. गल्लीतल्या लोकांना तेव्हा कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

दादानं तुम्हाला मरीना अब्रामोविचबद्दल सांगितलं असणार, म्हणून तुम्ही घाबरलात. खरं आहे ते. 1974 मध्ये नेपल्समध्ये तिनं टेबलावर 72 वस्तू ठेवल्या, गुलाब होता तसं पिस्तूलही होतं, आणि सहा तास लोकांना वाटेल ते करू दिलं. तिला जखमाही झाल्या. ते काम मोठं आहे, पण ते तिचं आहे. मी अंगाला इजा होईल असं काही करणार नाही. आईची शपथ. फक्त मान आखडते, त्याला तेल लावते.

आता तुमचं. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधीची जेवणाआधीच घ्यायची. तीन महिन्यांची रक्ततपासणी या आठवड्यात झालीच पाहिजे, रिपोर्टचा फोटो मला पाठवा. पाहुणे आले म्हणून कुंदा खायचा नाही, एक चमचाही नाही. मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही, मी सुट्टी काढून येते. आई, माळ्यावर तू चढायचं नाहीस, दादाला सांग. उजव्या मनगटाला पट्टा बांधून झोप आणि भांड्यांना बाई लाव, तिचे पैसे मी महिन्याच्या महिन्याला पाठवीन. नाही म्हणू नकोस.

शिवजयंतीच्या आधी दोन दिवस येते. एक मागणं आहे, नको वाटलं तर सरळ नको म्हण, मी रुसणार नाही. गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या कट्ट्यावर मला एक दिवस असंच बसायचंय. तू समोर बसलीस तर बस, नाहीतर घरीच थांब. ज्या बायकांनी क्लिप पाहिली त्यांनी पूर्ण दिवस पाहावा, एवढंच मनात आहे.

आणि आई, दिवाळीनंतर तू तुळशीच्या लग्नापर्यंत सगळं घर उलथून तुझी पानं कापायची कात्री शोधलीस. मी ‘माहीत नाही’ म्हणाले. ती मीच नेली होती. मागितली असती तर तू दिली नसतीस असं वाटलं. जपून ठेवलीय, दोऱ्याची मूठ तशीच आहे, तुझ्या अंगठ्याच्या खळग्यासकट. धार लावलेली नाही. येताना घेऊन येते.

तुमची,
धाकटी