पॅनेल लावले नाही म्हणून गुण कापले

महोदय,

कालच्या शैक्षणिक पानावर 'तंत्रस्नेही' छात्राध्यापकांचे तोंड भरून कौतुक वाचले. पत्र रात्रीच लिहिणार होते, पण रात्री लिहिलेले तुम्हाला छापता आले नसते. लेखकमहाशयांनी आम्हा बी.एड.वाल्यांना डोक्यावर घेतले, आभारी आहे. फक्त पुढच्या वेळी पॅनेलवर, म्हणजे वर्गातल्या त्या मोठ्या डिजिटल पडद्यावर, बोट टेकवून हसणाऱ्या मुलीचा फोटो काढाल, तेव्हा आधी पॅनेल सुरू करा. पडदा काळाकुट्ट आहे आणि तुमची छपाई चांगली असल्यामुळे तो तसाच दिसतो.

मी द्वितीय वर्षाला आहे. आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावासाठी, नाशिक जिल्ह्यातली एक शाळा मिळाली, जिथे वर्गाच्या खिडकीतून कांद्याच्या चाळी दिसतात. सातवीला पेशीरचनेचा पाठ होता. कांद्याच्या पापुद्र्याचा व्हिडिओ पॅनेलवर तयार होता. पॅनेल बिघडलेले नव्हते, वीजही होती, हे मुद्दाम सांगते. पण ज्या पोरांच्या घरात वर्षभर कांद्याशिवाय दुसरा विषय नसतो, त्यांना कांदा पडद्यावर दाखवायचा हे माझ्या मनाला पटेना. प्रयोगशाळेच्या कपाटात सूक्ष्मदर्शक होता. कपाटाची किल्ली कोणाकडे, हे शोधण्यातच एक मधली सुट्टी गेली. भिंगावर बोटभर धूळ.

खिडकीशी टेबल लावले, आरशाने उजेड घेतला. फोडीच्या आतला पापुद्रा चिमट्याने ओढला, काचपट्टीवर पाण्याचा थेंब, वर आयोडीन. पहिल्या चार-पाच जणांना काय दिसले असेल? हवेचे बुडबुडे! काळ्या कडेचे, गोल गरगरीत. "मॅडम, पेशी दिसली!" म्हणून वर्गभर आरडाओरडा. मग वर झाकायची पातळ काच तिरकी टेकवून हळूच कशी सोडायची, ते शिकणे आले. व्हिडिओत बुडबुडे नसतात, तिथे सगळे पहिल्याच फटक्यात दिसते.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा घरून लाल कांदा घेऊन आला. आयोडीन न घालता पाहू म्हणाला, रंग नेमका असतो कुठे? बाहेरच्या बाजूचा पापुद्रा घेतला, तर गुलाबी पेशी आणि त्यांना खेटून बिनरंगाच्या पेशी, दोन्ही एकाच काचपट्टीवर. रंग पेशीभित्तिकेत नाही, आतल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत आहे, हे सांगायला मला मग पुस्तक उघडावे लागले नाही. तोच मुलगा पुढे विचारतो, "चाळीतला कांदा सडतो तेव्हा ह्याच फुटतात का?" या प्रश्नासाठी मी आणखी एक तास मागून घेतला.

पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात 'तंत्रज्ञानाचा वापर' असा पाच गुणांचा रकाना आहे. मला त्यात एक. खाली शेरा: 'तंत्रज्ञानाचा वापर आढळला नाही. पुढील पाठात सुधारणा अपेक्षित.' रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि पेशी हे नाव दिले, हे त्याच पाठात शिकवायचे असते. हूकसाहेबांनी बी.एड.ला प्रवेश घेतला नाही हे बरे केले.

त्याच आठवड्यात माझ्या सहकाऱ्याने पीपीटी लावली, पाचपैकी पाच. ती मागच्या तुकडीकडून पेनड्राइव्हमधून वारसाहक्काने आलेली. पहिल्या स्लाइडवर मागच्या वर्षीच्या विद्यार्थिनीचे नाव तसेच होते. निरीक्षकांनी ते पाहिले नाही, कारण ते बाहेर फोनवर होते.

कालच्या लेखात डिसले गुरुजींचा दाखला आहे. परितेवाडीच्या शाळेत त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण त्यांनी ते कुठल्या तक्त्यातला रकाना भरण्यासाठी केले नव्हते. मीसुद्धा मोबाईलची वैरीण नाही. अमिबा कसा सरकतो, हे मी व्हिडिओवरच दाखवले. डबक्यातल्या पाण्यात ऐन तासाला अमिबा सापडेल याची खात्री कोण देणार? आणि 'मुले आता मोबाईलवरच शिकतात' हे वाक्य लिहिण्याआधी लेखकांनी ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारा २०२४ चा 'असर' अहवाल चाळायला हरकत नव्हती. ग्रामीण भागातली १४ ते १६ वर्षांची सुमारे ८२ टक्के मुले स्मार्टफोन वापरू शकतात. पण त्यांतली आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असे म्हणणारी ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी ७६.

आता गंमत ऐका. ज्या महाविद्यालयाला पाठात तंत्रज्ञान हवे आहे, त्यालाच पाठाचे टाचण मात्र हाताने लिहिलेले लागते. टंकलिखित चालत नाही. समास लाल, उपघटक हिरवा, उद्दिष्टे निळी, आणि पानाला चौकट. दोन वर्षांत आम्ही स्केचपेनवर जेवढा खर्च केला, तेवढ्यात शाळेला काचपट्ट्यांचे डबे आले असते. पाठ पाच-सहा ओळींत मोबाईलवर लिहून रात्रीतून दोनदा बदलता येतो, हे खरे तंत्रज्ञान आमच्या उपयोगाचे. ते वापरले तर वही परत.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले, शाळेत घालवायचा काळ २० आठवडे केला. हेतू चांगलाच आहे. पण त्या आठवड्यांत आमच्याकडे कोणी पाहते ते पाठाच्या पस्तीस मिनिटांत, तेही तक्ता हातात धरून. एरवी आम्ही गैरहजर शिक्षकांच्या तासांना बसतो आणि कार्यालयात बसून पोर्टलवर मुलांच्या माहितीचे रकाने भरतो. त्या कामाला 'तंत्रज्ञानाचा वापर' म्हणून गुण मागावेत का, असे आता वाटू लागले आहे.

जाता जाता एक. त्या लेखाखाली 'अधिक माहितीसाठी स्कॅन करा' म्हणून क्यूआर कोड छापला आहे. मी स्कॅन केला. तुमच्या वार्षिक वर्गणीचे पान उघडले. वडील २२ वर्षे तुमचा अंक घेतात. त्यांना तरी सूट द्या.

कृपया नाव छापू नये. अंतर्गत गुण अजून लागायचे आहेत.

– एक छात्राध्यापिका, जि. नाशिक