स्टिअरिंग कोणाच्या जबाबदारीवर, तेही छापा

मा. संपादक,
स. न.

चालकाविना चालणाऱ्या मोटारींबद्दल आपल्या पानांवर जे छापून येते ते मी आवर्जून वाचतो. त्यावरच्या पत्रांचे सरळ दोन तट पडलेले दिसतात. एका तटाच्या मते ही यंत्रे आली की अपघात इतिहासजमा होणार. दुसऱ्याच्या मते खऱ्या रस्त्यावर, खऱ्या गर्दीत हे प्रकरण कधीच चालणार नाही. यंत्रांचे नियंत्रण हा विषय मी आयुष्यभर शिकवला, त्यामुळे दोन्ही तटांना थोडे थोडे दुखावण्याचा मोह आवरत नाही.

'चालणारच नाही' हे म्हणणे आता टिकत नाही. २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संस्थेने मोहावी वाळवंटात अशा गाड्यांची सुमारे २४० किलोमीटरची शर्यत ठेवली, तेव्हा सर्वांत पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरच्या आतच अडकून बसली. पुढच्या वर्षीच्या शर्यतीत पाच गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या. ऑक्टोबर २०२० पासून वेमो कंपनीच्या टॅक्सी अमेरिकेतल्या फीनिक्स भागात चालकाची जागा रिकामी ठेवून सर्वसामान्य प्रवाशांना नेऊ लागल्या. नंतर सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसही आले. सिग्नल तोडणारे, न बघता दार उघडणारे, मोबाइलमध्ये डोके घालून रस्ता ओलांडणारे तिथेही आहेतच. म्हणजे रस्ते खरेच आहेत.

मात्र या यशाला कुंपण आहे, आणि ते बातमीत दिसत नाही. गाडी ज्या भागात फिरते तो भाग फुटपाथच्या कडेपासून सिग्नलच्या खांबापर्यंत आधीच बारकाईने नकाशात उतरवलेला असतो. गाडीवरचे लायडार नावाचे उपकरण लेसरच्या किरणांनी अंतरे मोजते, त्याला रडार आणि कॅमेऱ्यांची जोड असते. तरीही गाडी अडली तर दूर कुठेतरी बसलेल्या माणसाला विचारण्याची सोय असते. तो स्टिअरिंग फिरवत नाही, पुढे काय करता येईल एवढे सुचवतो. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागातली वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि या टॅक्सी चौकाचौकांत थबकून उभ्या राहिल्या. बंद सिग्नलवर कसे वागायचे हे त्यांना शिकवलेले होते. पण 'जाऊ ना?' अशी खात्री करून घेणाऱ्या विनंत्यांचा एकाच वेळी इतका ढीग पडला की उत्तरे यायला उशीर झाला. (परीक्षेच्या हॉलमध्ये हुशार मुलांनाही मी असे करताना पाहिले आहे.)

यंत्राला दिसत नाही, अशी अनेकांची समजूत आहे. त्याला माणसापेक्षा चांगले दिसते, अंधारातही आणि चारही बाजूंनी. घोडे पेंड खाते ते दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावताना. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी-गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि ती मृत्युमुखी पडली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा चौकशी अहवाल आपल्या प्रत्येक वार्ताहराने वाचावा असा आहे. गाडीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. एवढ्या वेळात आरामात ब्रेक लागला असता. पण सॉफ्टवेअर तिला कधी वाहन, कधी 'इतर', कधी सायकल ठरवत राहिले, आणि दर वेळी लेबल बदलले की आधीच्या हालचालींची नोंद विचारातून बाद व्हायची. समोरची वस्तू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते आहे, ही साधी गोष्ट त्यामुळे हिशेबातच आली नाही. भर म्हणजे झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी पायी रस्ता ओलांडेल, ही शक्यताच रचनेत धरलेली नव्हती. हे कोणा कुशल अभियंत्याला सुचले नसेल, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

दुसरे उदाहरण कमी गंभीर आहे, पण मला ते जास्त बोलके वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये फीनिक्समध्ये एक टोइंग गाडी एका पिकअपला उलट्या तोंडाने, वेडावाकडा बांधून ओढत नेत होती. वेमोच्या गाडीने त्या पिकअपला धडक दिली आणि काही मिनिटांतच त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीनेही तिथेच धडक दिली. ओढला जाणारा ट्रक कोणत्या दिशेने सरकेल, याचा अंदाज दोघींनी सारखाच चुकवला. पुढे कंपनीने सगळ्या ताफ्याचे सॉफ्टवेअर बदलले. माणूस चुकतो तेव्हा एक माणूस चुकतो, हा फरक इथे ध्यानात येतो. एकच सॉफ्टवेअर शेकडो गाड्यांत असते, तेव्हा चूकही शेकडो ठिकाणी दबा धरून असते. अर्थात दुरुस्तीही एकदाच करावी लागते. माणसांच्या बाबतीत ती सोय नाही, हे मान्य करायला हवे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले तो मुद्दा. बाजारात 'स्वतः चालणारी' म्हणून खपणाऱ्या बहुतेक गाड्या स्वतः चालत नाहीत. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. दुसऱ्या पायरीवरची गाडी लेन धरते, वेग सांभाळते, पण चालकाने क्षणोक्षणी लक्ष ठेवायचे असते आणि कायद्याने गाडी तोच चालवत असतो. वेमोची टॅक्सी चौथ्या पायरीवर आहे. तिच्या कुंपणाच्या आत माणसाची गरज नाही. पाचवी पायरी म्हणजे कुठेही, केव्हाही. तिथे आज कोणीही पोहोचलेले नाही. आपल्या वृत्तपत्रात मात्र या सगळ्यांना एकच विशेषण लागते.

माझ्या मते या उतरंडीतली सर्वांत धोकादायक पायरी दुसरी आहे. यंत्र शंभरपैकी नव्याण्णव वेळा बरोबर वागते तेव्हा माणसाला डोळ्यांत तेल घालून बसवणे हा त्याच्या मेंदूवर अन्याय आहे. वैमानिक आणि कारखान्यातले ऑपरेटर यांच्याबाबत हे अनेक दशकांपासून माहीत आहे. टेंपीतल्या गाडीतही देखरेखीसाठी एक व्यक्ती बसवलेली होती, आणि तिची नजर वारंवार रस्त्यावरून मोबाइलकडे जात होती. खटला तिच्यावर झाला. कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असे सरकारी वकिलांनी आधीच ठरवले होते. २०२३ च्या डिसेंबरात टेस्लाने अमेरिकेत सुमारे २० लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला, कारण चालकाचे लक्ष आहे की नाही हे तपासणारी 'ऑटोपायलट' या चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणेतली व्यवस्था अपुरी असल्याचे नियामकांचे मत झाले होते. एकीकडे नाव असे ठेवायचे की लोकांनी हात सोडावेत, आणि अपघात झाला की 'हात का सोडला' म्हणून खापर त्यांच्यावर फोडायचे.

तिसऱ्या पायरीवर थोडा प्रामाणिकपणा दिसतो. जर्मनीत २०२२ पासून मर्सिडीजच्या काही गाड्यांना महामार्गावरच्या गर्दीत कमी वेगाने स्वतः चालण्याची मुभा मिळाली. त्या वेळात चालकाने दुसरीकडे पाहिले तरी चालते, आणि ताबा परत घ्यायला त्याला सुमारे १० सेकंद मिळतात. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्यानेही मान्यताप्राप्त यंत्रणा चालू असताना गाडी कशी चालली याचे उत्तर चालकाकडे न मागता यंत्रणेमागच्या कंपनीकडे मागायचे ठरवले. माझ्या दृष्टीने ही खरी कसोटी आहे. जी कंपनी 'या रस्त्यावर, या वेगाला, जबाबदारी आमची' असे लेखी देते, तिच्या गाडीवर मी विश्वास ठेवीन.

सुरक्षिततेच्या आकड्यांबद्दलही सावध राहावे. रँड या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये मांडलेला हिशेब असा : माणसाइतकेच कमी मृत्यू होतात एवढे संख्याशास्त्राच्या कसोटीवर दाखवायलाही एकही मृत्यू न होऊ देता सुमारे ४४ कोटी किलोमीटर चालवावे लागेल. १०० गाड्या रात्रंदिवस पळवल्या तरी त्याला १२ वर्षांहून जास्त लागतील. वेमो आणि स्विस री या विमा कंपनीने मिळून विम्याच्या दाव्यांचा जो अभ्यास केला, त्यात माणसांच्या तुलनेत इजेचे दावे सुमारे ९२ टक्के कमी निघाले. आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जगात दरवर्षी रस्त्यांवर सुमारे १२ लाख माणसे मरतात आणि ती बहुतांशी माणसांच्याच हातून, हे विसरून यंत्राला नावे ठेवणे सोपे आहे. पण तो अभ्यास त्यांच्या कुंपणातला आहे आणि त्यात कंपनी स्वतः सहभागी आहे, हेही बातमीतच यायला हवे.

माहिती दडवली तर काय होते ते जनरल मोटर्सच्या क्रूझ या चालकाविना टॅक्सी चालवणाऱ्या कंपनीच्या बाबतीत दिसले. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या मोटारीच्या धक्क्याने एक पादचारी महिला क्रूझच्या टॅक्सीसमोर फेकली गेली. टॅक्सी धडकून थांबली, मग कडेला जाण्यासाठी पुन्हा निघाली आणि तिला सुमारे सहा मीटर फरपटत घेऊन गेली. फरपटण्याचा भाग नियामकांपासून लपवल्याचा ठपका आला, परवाना निलंबित झाला आणि पुढच्या वर्षाअखेरीस जनरल मोटर्सने तो व्यवसायच गुंडाळला.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वेळी अशा गाडीची बातमी देताना, कौतुकाची असो वा अपघाताची, तीन गोष्टी छापाव्यात : गाडी कोणत्या पायरीची होती, तिला कोणत्या भागात आणि कोणत्या हवामानात चालण्याची परवानगी होती, आणि त्या क्षणी कायद्याने चालक कोण होता. कंपनीने यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, तर तेही छापावे.

आपला,
एक नियमित वाचक