कोपरा फाडलेले कार्ड ‘सदोष’ कसे?

महोदय,

टपाल तिकिटांच्या लिलावाची बातमी वर्तमानपत्रात येते ती आकड्यामुळे. ‘सर्व्हिस’ अशी अक्षरे छापलेल्या, १९४८ सालच्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली, तेव्हा आम्हा संग्राहकांत बरेच दिवस दुसरा विषय नव्हता. मला लिहायचे आहे ते पाव आण्याच्या पोस्टकार्डांबद्दल.

मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये चौतीस वर्षे सॉर्टर होतो. कितीतरी रात्री टपालाच्या डब्यात उभ्याने काढल्या. पत्त्यातले गाव वाचायचे आणि पत्र त्या खणात टाकायचे, मजकुराकडे बघायचे नाही, ही आमची शिस्त. निवृत्तीनंतर जुनी कार्डे-पाकिटे जमवू लागलो तेही शिक्क्यांच्या ओढीने. उलटी बाजू वाचायला लागलो ती फार उशिरा, मोडी लिपीच्या वर्गाला बसल्यावर.

गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या एका लिलावात गिरगावहून कोकणातल्या देवरुखकडे गेलेली ३७ पोस्टकार्डे आली. सगळी पाचव्या जॉर्जच्या छापील तिकिटाची, १९१६ ते १९१८ मधली, एकाच घराला लिहिलेली. लिलाव करणाऱ्यांनी त्यांचे दोन लॉट पाडले. शिक्के ठसठशीत उठलेली १४ कार्डे एका लॉटमध्ये; त्यातल्या एकावर कोल्हापूरचाही शिक्का होता, म्हणजे ते बोटीने न जाता घाट उतरून गेले असणार. उरलेली २३ दुसऱ्या लॉटमध्ये. त्यांचे वर्णन कॅटलॉगमध्ये एका ओळीत उरकले होते: साधी, मिश्र, नेटिव्ह स्क्रिप्ट, एक सदोष, कोपरा नाही. पहिल्या लॉटची बोली माझ्या पेन्शनच्या पलीकडे गेली. दुसरा मला २३०० रुपयांना मिळाला, वर कमिशन आणि कर.

‘नेटिव्ह स्क्रिप्ट’ म्हणजे आपली मोडी. पत्ता बालबोध, म्हणजे देवनागरी, किंवा इंग्रजीत, कारण तो टपालवाल्याला वाचता यायला हवा. मजकूर मोडीत, कारण हाताला तीच सवय. आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि तिच्याखाली अक्षरे लावत जायचे. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही. एका कार्डाला मला दोन-दोन संध्याकाळी लागल्या. मुलगा वडिलांना लिहितो आहे: ‘तीर्थरूप’, ‘साष्टांग नमस्कार’, मग खोलीचे भाडे, पाठवलेली मनिऑर्डर पोचली का, आंब्याची पेटी कोणाबरोबर पाठवावी. ९ ऑक्टोबर १९१८ च्या कार्डात बिऱ्हाडी दोघे जण मानमोडीने पडून आहेत, उतार आहे, काळजी नसावी, एवढेच. मानमोडी म्हणजे त्या वर्षीचा इन्फ्ल्युएंझा. मुंबईत त्याची दुसरी, अधिक जीवघेणी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली होती.

माझ्याकडचे पुढचे कार्ड १९ ऑक्टोबरचे. तेच ते ‘सदोष’. अक्षर वेगळे आहे. शेजारच्या बिऱ्हाडातल्या कोणीतरी लिहिले आहे की मुलगा गेला.

त्या कार्डाचा कोपरा झिजलेला नाही, कसरीने खाल्लेला नाही. तो लिहिणाऱ्याने फाडला आहे. मृत्यूची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवायची आपल्याकडे रीत होती. पोस्टमनच्या हातात तसे कार्ड दिसले की घरात रडणे सुरू व्हायचे, वाचायच्या आधीच. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशी कार्डे माझ्याही हाताखालून गेली आहेत. वाचून झाले की ते फाडून टाकत, घरात ठेवत नसत. देवरुखच्या त्या घरात ते कोणीतरी ठेवले. शंभरावर वर्षे ते त्या पुडक्यात राहिले, आणि शेवटी कॅटलॉगमध्ये ‘सदोष’ ठरून स्वस्त झाले.

९ आणि १९ तारखेच्या मधली तीन कार्डे पहिल्या लॉटमध्ये गेली आहेत. कॅटलॉगमध्ये त्यांच्या फक्त पत्त्याच्या बाजूचे फोटो होते. त्यांतल्या दोनांवरचा पत्ता मुलाच्याच हातचा दिसतो, तिसऱ्यावरचा दुसऱ्या कोणाचा. उलट बाजूला काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि ती ज्यांनी घेतली त्यांनाही मोडी येत नसेल तर त्यांनाही नाही.

म्हणून लिलाव करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एका घराचा पत्रव्यवहार फोडू नका. फोडावाच लागला तर विकण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून एकत्र ठेवा. पुराभिलेख विभागाच्या वर्गांतून मोडी शिकलेले लोक गावोगाव आहेत, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. वाचणारा माणूस शोधणे अवघड नाही. शिक्क्याला किंमत आहे हे मी नाकारत नाही, माझे आयुष्य शिक्क्यांत गेले. पण शिक्का पत्र कुठून कुठे गेले तेवढे सांगतो.

ज्यांच्या माळ्यावर अशी पुडकी आहेत त्यांनी मुलांच्या वहीसाठी पाकिटांवरची तिकिटे कापू नयेत आणि कार्डांतली ‘चांगली’ वेगळी काढू नयेत. व्यापारी आधी तेच करायला सांगतो.

पहिला लॉट ज्यांनी घेतला ते हे पत्र वाचत असतील तर मला त्यांची कार्डे नकोत. १०, १३ आणि १६ ऑक्टोबर १९१८ चे गिरगावचे शिक्के असलेल्या तीन कार्डांच्या मागच्या बाजूचे फोटो तेवढे आपल्या कार्यालयामार्फत पाठवावेत. मी ती बालबोधमध्ये उतरवून, माझ्याकडच्या २३ कार्डांच्या नकलेसह त्यांना परत पाठवीन.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर, मिरज