आण्णा, गाडी ठरली

सॅन डिएगो
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आण्णांस आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इकडं खुशाल आहोत. पत्र लिहायला कारण गाडी, टप म्हणजे छत मागं दुमडून उघडी होणारी. गेल्या रविवारी फोनवर विषय निघाला तेव्हा आण्णा, तुम्ही एवढंच म्हणालात, "ज्या गाडीचा टपच घडी होतो, तिच्यावर रोजचा भरवसा ठेवायचा कसा?" आणि फोन आईकडं दिलात. मला तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. आठवडाभर ते वाक्य डोक्यात फिरत होतं. गाडी काल घेतली. कशी बघून घेतली ते सगळं लिहिते.

हौस आहे, हे आधी कबूल करते. सकाळी पावणेसातला घर सोडते, दिवसभर खिडकी नसलेल्या लॅबमध्ये असते आणि संध्याकाळी परत बावीस मैल. दिवसाचं ऊन अंगावर पडतं ते पार्किंगपासून दारापर्यंत. थंडीत काका आपल्याला उघड्या जीपमधनं पन्हाळ्याला न्यायचे ना, तेव्हा वाटेत गुऱ्हाळ लागलं की उकळत्या रसाचा वास आधी यायचा आणि धूर मागनं दिसायचा. तो वास बंद काचेतनं येत नाही. इथं गुऱ्हाळ नाही, पण समुद्र आहे, निलगिरीची झाडं आहेत, आणि तो सगळा रस्ता मी बारा वर्षं काचेआडनं बघत आलेय.

पण नुसत्या हौसेसाठी दुसरी गाडी ठेवणं आम्हाला परवडत नाही आणि दारात जागाही नाही. म्हणजे जी येईल तिनं रोज ऑफिस, शाळा, बाजार सगळं करायचं. उघडी आणि भरवशाची म्हटलं की इथं जो तो माझदाची मिआटा घ्या म्हणतो. त्यांचं चूक नाही, पण तिला सीटच दोन. पोरं एक दहाचं, एक तेराचं. त्यांना काय मांडीवर घेऊ? म्हणून चार सीट हवेतच, आणि पैसे मोजके, म्हणून जुनीच.

आता टपाचं. अशा गाड्यांत दोन जाती, एकीचा टप कापडाचा आणि दुसरीचा पत्र्याचा. पत्र्याचा टप तुकड्यातुकड्यांचा असतो. बटण दाबलं की तुकडे एकावर एक बसतात आणि डिकीत जातात. व्होल्वोच्या सी-७०चे तीन तुकडे, लेक्ससच्या आयएस २५०सीचेही तीन, फोक्सवॅगनच्या इऑसचे तर पाच, आणि त्यातलाच एक सरकणाऱ्या काचेचा. टप लावून आत बसलं तर वरनं उघडते हे सांगूनही खरं वाटत नाही, इतकं शांत. माझं मन आधी तिथंच गेलं. त्यातही व्होल्वोत. बाजूनं धडक बसली तर डोकं वाचवणारी एअरबॅग एरवी छतातनं खाली येते. इथं छतच पक्कं नाही, म्हणून व्होल्वोवाल्यांनी ती दारात बसवली, दारातनं वर फुगते. पोरं बसणार म्हणून मी त्या गाडीसाठी महिनाभर थांबले. आमच्या पैशात, सर्व्हिसची सगळी कागदं असलेली एकही मिळाली नाही.

त्या महिन्यात मात्र मी तुमच्या डोक्यानं विचार केला. जितके तुकडे तितके सांधे आणि जितके सांधे तितकं पॅकिंग. पंधरा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या रबराचं काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं? कापडाच्या टपाला सांधा असतो तो पुढच्या काचेवर आणि दोन्ही बाजूंच्या काचांना, संपलं. कापड जुनं झालं की नवं चढवून देणारे कारागीर इथं आहेत. शिवाय पत्र्याचा टप खाली गेला की डिकीत जेमतेम दोन पिशव्या मावतात. शनिवारचा बाजार कुठं ठेवू?

साबची ९-३ही बघितली होती. देखणी, किंमतही कमी. पण ती कंपनी २०११च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. एका गिअरसाठी आपलं लेथ अडीच महिने बंद पडलं होतं आणि तुम्ही उद्यमनगरात दारोदार फिरला होता, ते मी विसरले नाही.

तर घेतली ती टोयोटाची सोलारा, २००७चं मॉडेल, कापडाचा टप, मागची काच खरी काचेची. रनिंग ९१ हजार मैल, म्हणजे आपले दीड लाख किलोमीटरला थोडे कमी. या गाडीत टप तेवढा खास, बाकी सगळी साधी. इंजिन ३.३ लिटरचं व्ही-सिक्स. तेच इंजिन टोयोटाच्याच त्या वर्षांतल्या हायलँडरला आहे, सिएन्नाला आहे. इथल्या कुठल्याही गल्लीतल्या मेकॅनिकनं ते दहादा उघडलेलं असतं आणि सामान कुठंही मिळतं. भरवसा म्हणजे मला हाच वाटतो. बिघडणारच नाही अशी गाडी कोण देईल? बिघडली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात परत यावी.

गाडी बघायला मुद्दाम सोमवारी गेले, कारण सोमवारी पाऊस होता. इथं वर्षाला सरासरी दहा इंच पडतो. गगनबावड्याला आषाढात तेवढा दोन-तीन दिवसांत पडून जातो. म्हणून तो दिवस सोडायचा नव्हता. मालकीण निवृत्त शिक्षिका. "अशा पावसात?" म्हणत छत्री घेऊन बाहेर आली. मी आधी टपाला हातच लावला नाही. खाली बसून चारी बाजूंची मॅटिंग उचलली आणि तळवा दाबून धरला. कोरडं. मागच्या सीटखालीही कोरडं. वास आला तो जुन्या कापडाचा, ओलीचा नाही.

अशा गाडीत पाणी बहुधा कापडातनं येत नाही. टप जिथं घडी होऊन बसतो त्या खळग्याच्या कडेनं पन्हळ असते. तिच्यात पडलेलं पाणी दोन नळ्यांतनं खाली मागच्या चाकांजवळ जातं. पानं अडकून नळी तुंबली की पाणी उलटं फिरतं आणि सीटखाली साचतं, तिथल्या वायरिंगची वाट लावतं. तुळईजवळची पन्हळ तुम्ही मृगाच्या आधी शिडी लावून साफ करायचा, तसंच हे. पाऊस थांबल्यावर मी टप अर्धा उघडायला लावला आणि बाटलीभर पाणी डाव्या पन्हळीत ओतलं. धार लगेच चाकामागं पडली. उजवीकडं ओतलं तर थेंब थेंब. बोट घातलं तर निलगिरीची पानं, काळी झालेली, चिखलासारखी. ती काढली तशी धार लागली. ती बाई बघतच राहिली. म्हणाली, अकरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही.

मग टप तीनदा उघडला, तीनदा लावला. हायड्रॉलिक पंपावर चालतो. दोन्ही बाजू बरोबर उठतात का, एक हात मागं राहतो का, हे बघत होते. मागं राहिला तर त्या बाजूचा सिलेंडर दमलाय. सिलेंडरच्या बुडाशी बोट फिरवलं, तेल लागलं नाही. मागच्या काचेला कापड जिथं चिकटवलंय ती कड नखानं तपासली, एका कोपऱ्यात बोटभर सुटलीय. ते तिला दाखवलं आणि भावात धरलं.

काकांची गाडी २०१९च्या महापुरात शाहूपुरीत पाण्यात होती, आठवतं? वर्कशॉपवाल्यानं धुऊन, पुसून, सुगंध मारून दिली, आणि तुम्ही सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्यावरची मातीची रेघ दाखवली होती. अमेरिकेतही वादळं येतात, हजारो गाड्या बुडतात आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यात विकायला जातात. म्हणून मी प्रत्येक गाडीचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला, सीटच्या पटरीचे बोल्ट बघितले. ते बघायची नजर तुमची.

याआधीची एक गाडी मात्र मला फसवायला निघाली होती. कुठली ते लिहीत नाही. दिसायला चकाचक, माणूस गोड बोलणारा. इथं १९९६पासूनच्या प्रत्येक गाडीला डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात छोटं यंत्र लावलं की इंजिनाच्या तक्रारी वाचता येतात. मी लावलं. तक्रार एकही नाही. पण गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या चालता चालता करत असते, त्या सगळ्या "अपुऱ्या" दाखवत होत्या. म्हणजे एक-दोन दिवसांत कुणीतरी मेमरी पुसली होती. विचारलं तर म्हणाला, बॅटरी नवीन टाकली. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टोकांवर पांढरं जमलेलं. मी आभार मानून निघाले. आठवडाभर संताप गेला नाही. पोरं त्या गाडीत बसली असती.

सोलाराच्या चाचण्या पूर्ण होत्या. प्रदूषणाचा दाखला कॅलिफोर्नियात विकणाऱ्यानंच द्यायचा असतो, तो तिनं दिला. गाडीचा सतरा अक्षरांचा नंबर सरकारी साइटवर टाकून, कंपनीनं परत बोलावलेलं काही काम राहिलंय का तेही बघितलं. गुरुवारी आमच्या मेकॅनिकनं १८० डॉलर घेऊन गाडी उचलून तपासली. गंज नाही. गिअरचं तेल लाल. मी तरी बोटावर घेऊन वास घेतला, जळका नाही. व्हॉल्व्ह कव्हरच्या पॅकिंगमधनं किंचित ओल. टायरवर २२१६ असा आकडा, म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर म्हातारं. चारी बदलायचे. मालकीण आठ हजार डॉलर सांगत होती, बहात्तरशेला दिली. आपले सव्वासहा लाख धरा.

उणं आहे तेही सांगते. ॲव्हरेज लिटरला आठ-नऊ किलोमीटर, तुमच्या पोटात गोळा येईल. टप काढलेली गाडी झाकण काढलेल्या डब्यासारखी पिळली जाते. कंपनी खालनं जादा मजबुती देते, तरी खराब रस्त्यावर आतला आरसा थरथरतो. मागं ऐसपैस नाही. थोरला दोन वर्षांत गुडघे मुडपून बसेल. ओला टप घडी घालायचा नाही, बुरशी धरते. आत काही ठेवून जायचं नाही, कापड कुणीही फाडेल. आणि टायमिंग बेल्ट ९० हजार मैलांना बदलावा लागतो, तो अजून कंपनीचाच आहे. शनिवारी बेल्ट आणि त्याबरोबर पाण्याचा पंप, दोन्ही बदलून घेतेय. तोवर गाडी दारातच.

आई, मे महिन्यात याल तेव्हा तू पुढं बस. अशा गाडीत वारा मागं जास्त लागतो. पदर खोचून घे आणि डोक्याला बांधायला मोठा सुती रुमाल आण, इथले नुसते सुळसुळीत असतात. जावई मागं बसतील, मी विचारलंय.

आण्णा, जुना बेल्ट टाकू नका म्हणून मेकॅनिकला सांगून ठेवलंय. तुम्ही आलात की हातात देते, दात बघून तुम्हीच सांगा किती चालला असता. आणि एक विचारायचंय. काचेच्या कडेची रबरं अजून मऊ आहेत. इथं कुणी सिलिकॉनचं ग्रीस लाव म्हणतो, कुणी नुसती टाल्कम पावडर. तुम्ही काय लावाल? रविवारी फोन करते, तेव्हा नीट सांगा, लगेच आईकडं देऊ नका.

तुमची,
माई