मोहोर हलवून बघ

चि. मधुरा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी पडवीत फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करत होतो. "बाबा, बस झालं. सोमवारी राजीनामा टाकते आणि दुसरीकडे अर्ज करायला लागते," असं म्हणालीस. मी नुसतं "बरं, बघू" म्हटलं. ते तुला तुटक वाटलं असणार. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून हे पत्र.

तू नोकरी सोडू नयेस असं माझं म्हणणं नाही. पण पाच मिनिटांत तू मला तीन कारणं सांगितलीस. मॅनेजर तुसडा आहे, हिंजवडीच्या रहदारीत जीव जातो, आणि मैत्रिणीला तुझ्यापेक्षा जास्त पगार मिळतो. तिन्ही खरी असतील. तरी बोलताना तुझा आवाज यातल्या एकाही ठिकाणी हलला नाही. हलला तो शेवटी, "मी केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर दाखवतात" हे सांगताना. आणि तेवढं बोलून तू लगेच विषय बदललास.

माझी मुंबईची पहिली नोकरी तुला ऐकून माहीत आहे. मी ती का सोडली, ते मात्र मी तुला कधी धड सांगितलेलं नाही. एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. साहेब सगळ्यांसमोर ओरडायचे. एके दिवशी माल कमी भरला, ते माझ्यावर ओरडले आणि मी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. पंधरा दिवसांत दुसरं गोदाम धरलं. तिथे मी एकच गोष्ट पाहिली होती, ती म्हणजे साहेबांचा स्वभाव. ते खरोखर शांत होते. तरीही आठ महिन्यांत माझी झोप उडाली. तिथेही स्टॉकच्या वहीवर सही माझी आणि गोदामाच्या चाव्या तिघांकडे. माल कमी भरला की शांत आवाजात का होईना, जाब मलाच. तेव्हा कळलं की पहिल्या ठिकाणीही मला खात होतं ते हेच. ओरडणं कानाला ऐकू येत होतं, म्हणून त्यालाच मी कारण धरून बसलो होतो. मुलाखतीत एकच प्रश्न विचारायला हवा होता, "सही माझी, तर चावी कोणाकडे?" कारणच ठाऊक नव्हतं, तर प्रश्न सुचणार कसा?

लहानपणी तू आंब्याच्या कलमाचा मोहोर हलवायचीस आणि तुडतुडे, ते रस शोषणारे बारके किडे, तोंडावर उडाले की किंचाळत आईकडे पळायचीस. मोहोर बिघडला की लांबून सगळं सारखंच दिसतं. भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, असेल तर गंधक चालतं. तुडतुड्यांवर तेच गंधक कितीही मारलं तरी ते मरत नाहीत, आणि औषध, मजुरी, दिवस सगळं वाया जातं. म्हणून मी आजही आधी झाडाखाली जातो, मोहोर हलवतो, भुरीची पांढरी भुकटी आहे की तुडतुड्यांचं चिकट पाणी, ते हाताला लावून बघतो.

तूही तसंच कर. तीन आठवडे रोज रात्री दोनच ओळी लिही. आज कुठल्या क्षणी सोडून जावंसं वाटलं, आणि तेव्हा समोर काय चाललं होतं. मॅनेजरचं नाव लिहिलंस तर पुढे हेही लिही की तो नेमकं काय म्हणाला किंवा त्याने काय केलं. मग वही वाच. काय बदललं तर तू तिथे राहशील, आणि ते बदला असं तू कधी कोणाला स्पष्ट सांगितलं आहेस का, हे बघ. कामाला स्वतःचं नाव लागणं हेच खरं दुखणं निघालं, तर पगार चाळीस टक्क्यांनी वाढूनही ते तसंच राहील. पुढच्या मुलाखतीत तुला तेच विचारावं लागेल. काम कोण मांडतं, श्रेय कसं नोंदवतात, बढती कोण ठरवतं.

एक अपवाद सांगतो. बाई म्हणून कोणी तुझा अपमान करत असेल, नको तसं वागत असेल, तर वहीबिही काही नको. त्याच दिवशी मला फोन कर. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असावीच लागते, २०१३ चा कायदा आहे. तब्येत ढासळत असेल तरीही थांबू नकोस.

पैशांचंही सांगून ठेवतो. तुझी साडेचार वर्षं झाली आहेत. सलग ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायच्या एकरकमी पैशांचा, हक्क लागतो. कायद्याने धरलेला शेवटचा पगार घेऊन (मूळ पगार आणि महागाई भत्ता त्यात येतातच), २६ दिवसांच्या महिन्याच्या हिशेबाने, दर वर्षामागे १५ दिवसांचे पैसे. नोटिशीचे दिवसही नोकरीतच मोजतात, म्हणजे तुझ्या तीन महिन्यांच्या नोटिशीनंतर उरतात ते जेमतेम तीन महिने. तेवढ्यासाठी जीव जाळत राहा असं मी म्हणणार नाही, पण आकडा काढून समोर ठेव. पीएफ मात्र काढू नकोस, नव्या ठिकाणी वळवून घे. पीएफसोबतच्या पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते आणि ही वर्षं त्यात धरली जातात.

आईने कुळथाचं पीठ आणि आमसुलं बांधून ठेवली आहेत. शिमग्याला येशीलच, पण जमलं तर त्याआधी दोन दिवस ये. राजीनामा लिहिला असशील तर फाडू नकोस आणि पाठवूही नकोस. वहीबरोबर घेऊन ये. संध्याकाळी खळ्यात बसून दोघं वाचू.

तुझे
बाबा
पावस, रत्नागिरी