फी भरली की निश्चिंत, असं कोणी सांगितलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या मेंबरशिपवाल्या, म्हणजे वर्षाची वेगळी फी घेऊन मोजकेच पेशंट बघणाऱ्या, डॉक्टरांवरचा लेख वाचला, दोनदा वाचला, आणि राहवेना म्हणून सकाळचा चहा बाजूला ठेवून हे लिहायला बसले. लेखकाने मेहनत घेतलीय हे मान्य. सिॲटलच्या डॉ. हॉवर्ड मॅरॉन यांनी १९९६ मध्ये हा प्रकार कसा सुरू केला, ते आधी बास्केटबॉल टीमचे डॉक्टर होते, वगैरे सगळं नीट दिलंय. पण पुढे "एकदा वर्षाची फी भरली की पेशंट निश्चिंत" असं जे वाक्य आहे ना, त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. माझ्या घरात ही फी भरलेला एक माणूस आहे आणि न भरलेली एक बाई आहे, आणि निश्चिंत दोघांपैकी कोणीही नाही.

आम्ही दोघं न्यू जर्सीत राहतो, तीस वर्षं झाली. मी एकाहत्तर, हे शहात्तर. १७ वर्षं आमचा एकच डॉक्टर होता. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये जाड गुळगुळीत कागदावर त्याचं पत्र आलं, की १ जानेवारीपासून प्रॅक्टिस मेंबरशिपवर जातेय, माणशी वर्षाला २,४०० डॉलर, जागा मर्यादित, राहायचं असेल तर अमुक तारखेपर्यंत कळवा, नसेल तर नवीन डॉक्टर शोधायला शुभेच्छा. मी रिसेप्शनवर फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं की दोन हजारांच्या वर फायली आहेत आणि त्यातल्या चारशे ठेवणार. बाकीचे कुठे जाणार असं विचारलं तर त्या बिचाऱ्या गप्पच झाल्या.

दोघांचे मिळून ४,८०० डॉलर. आम्ही पेन्शनवर. ह्यांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे, पेसमेकर आहे, म्हणून ठरवलं की ह्यांना ठेवायचं आणि मी दुसरा डॉक्टर बघायचा. मला काय धाड भरलीय, असं मीच म्हणाले.

आता ह्यांचं सांगते, कारण खोटं बोलायचं नाही. ह्यांना खरंच उत्तम बघतात. चाळीस-चाळीस मिनिटं बसवून घेतात, मोजे काढायला लावतात, पायाच्या तळव्याला बारीक नायलॉनची तार टेकवून कुठे कळतंय कुठे नाही ते बघतात, आणि असंच बघताना करंगळीखाली एक जखम सापडली जी ह्यांना स्वतःला माहीत नव्हती, मलाही नव्हती. आधी सगळी व्हिजिट बारा-पंधरा मिनिटांत आटपायची, तिथे मोजे कोण काढायला लावणार. त्या जखमेसाठी मी त्या डॉक्टरची कायमची ऋणी आहे. पण हा जास्तीचा वेळ आला कुठून, ते लेखात कुठेच नाही. तो वेळ आमच्यासारख्या सोळाशे जणांच्या वाटणीचा होता.

आणि आता माझं. यादीतून नाव गेल्यावर नवीन डॉक्टरांना फोन करत सुटले. कोणी मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचे, नवीन पेशंट घेत नाही, कोणी घेतं तर पहिली तारीख चार महिन्यांनंतरची. ती तारीख घेऊन बसले होते तेवढ्यात फेब्रुवारीत एका शनिवारी रात्री थंडी वाजून ताप आला, १०२, लघवीला जळजळ, कंबर धरलेली. ह्यांच्याकडे डॉक्टरचा मोबाईल नंबर, तोच तर मेंबरशिपमधला मोठा फायदा. ह्यांनी लगेच लावला. डॉक्टरने दुसऱ्या रिंगला उचलला, सव्वा दहा वाजले होते, आणि ह्यांनी माझं सांगायला सुरुवात केल्यावर तो अगदी सौम्यपणे म्हणाला, आय ॲम सॉरी, त्या आता माझ्या पेशंट नाहीत, मी काही सांगणं बरोबर होणार नाही, त्यांना अर्जंट केअरला न्या. स्पीकर चालू होता. मी पलंगावर पडून ऐकत होते. १७ वर्षं ज्या माणसाला माझ्या प्रत्येक दुखण्याची खडान्‌खडा माहिती, माझी आई गेली तेव्हा ज्याने आपणहून फोन केला होता, त्याच्या तोंडून "त्या माझ्या पेशंट नाहीत". नियमाने त्याचं बरोबरच असेल, मी वाद घालत नाही, पण ते ऐकताना पोटात खड्डा पडला तो अजून भरलेला नाही.

अर्जंट केअरला, म्हणजे आधी वेळ न घेता जाता येतं अशा दवाखान्यात, गेलो. फॉर्म ह्यांनी भरला, घाईत ॲलर्जीचा रकाना कोरा राहिला, मी तापात होते, मलाही सुचलं नाही. तिथल्या नर्स प्रॅक्टिशनरने सल्फाची गोळी लिहून दिली. मला सल्फा चालत नाही! २०११ मध्ये अंगभर चट्टे उठून तोंड सुजलं होतं, आमच्या जुन्या डॉक्टरच्या फाईलवर पहिल्याच पानावर ते होतं. वाचले ती फार्मसीतल्या मुलीमुळे, तिच्या कॉम्प्युटरवर माझी जुनी नोंद होती, तिने गोळ्या न देता आधी मलाच विचारलं आणि मग फोन करून औषध बदलून घेतलं. माझी फाईल तेव्हा जुन्या दवाखान्यातच पडलेली. रेकॉर्ड मागितल्यावर कायद्याने ३० दिवसांत द्यावे लागतात, मला २६व्या दिवशी मिळाले, म्हणजे कायदा पाळला गेला आणि तरी ज्या रात्री हवे होते त्या रात्री नव्हतेच. तुमच्या लेखात एक ओळ हवी होती, की डॉक्टर मेंबरशिपवर जातोय असं पत्र आलं त्याच दिवशी फाईलची कॉपी मागा. ती एक ओळ कोणाच्या तरी जिवाला उपयोगी पडली असती.

आता "निश्चिंत"बद्दल. ही फी म्हणजे इन्शुरन्स नाही हो! ह्यांनी फी भरली तरी मेडिकेअरचा हप्ता तसाच, सप्लिमेंट, म्हणजे वरचा जोडविमा, आम्ही घेतलेलं नाही म्हणून डॉक्टरने लिहून दिलेल्या एकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, पार्ट बी मधले (मेडिकेअरचा डॉक्टर-तपासण्यांचा भाग) आमच्या वाटचे २० टक्के तसेच, आणि तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा तिथे बघायला तिथलेच डॉक्टर, आपला डॉक्टर फक्त फोनवर. मेडिकेअर ही फी देत नाही. जो डॉक्टर मेडिकेअर घेतो त्याला मेडिकेअर ज्याचे पैसे देतं त्याच कामाचे वेगळे पैसे लावता येत नाहीत, म्हणून ह्यांच्या करारात फी बाकीच्या गोष्टींची आहे असं बारीक अक्षरात लिहिलंय. काही डॉक्टर मेडिकेअरमधून पूर्ण बाहेरच पडलेले असतात, त्यांच्याशी खासगी करार करावा लागतो आणि मग त्यांच्या बिलाचा एक पैसाही मेडिकेअरकडून मिळत नाही, पेशंटने स्वतः क्लेम पाठवला तरी नाही. सही करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हा, की तुम्ही मेडिकेअरमध्ये आहात की बाहेर. लेखात तो प्रश्नच नाही. उलट एका ठिकाणी मेडिकेअर आणि तीन ओळींनंतर त्याच अर्थाने मेडिकेड छापलंय, एक म्हाताऱ्यांचं, एक कमी उत्पन्नवाल्यांचं, इतकं तरी बघायला हवं होतं.

दुसरं, डायरेक्ट प्रायमरी केअर आणि हे एकच असं लेखात धरलंय. नाही. ते डॉक्टर महिन्याची फी घेतात आणि इन्शुरन्सला बिल लावतच नाहीत, आमचा डॉक्टर फीही घेतो आणि मेडिकेअरला बिलही लावतो. फरक पैशाचा आहे. तुमचा लेख वाचून माझ्या जावयाने काल रात्री फोन केला, की २०२६ पासून एचएसए खात्यातून, म्हणजे आजारपणाच्या खर्चासाठी करमुक्त पैसे साठवायच्या खात्यातून, ही फी भरता येते म्हणे, मीपण एक डॉक्टर बघून ठेवलाय. अरे बाबा, ती सवलत डायरेक्ट प्रायमरी केअरला आहे, एका माणसाला महिन्याला १५० डॉलरपर्यंत, आणि तो बघून ठेवलेला डॉक्टर इन्शुरन्सलाही बिल लावणारा आहे, तो त्यात बसत नाही. त्याला समजावता समजावता अर्धा तास गेला. ज्यांना समजावायला घरात कोणी नाही त्यांचं काय?

तुमचा पेपर इकडची मुलं वाचतात, तिकडे बसलेले त्यांचे आईवडीलही वाचतात आणि मुलांना विचारतात की तू का नाही घेत असा डॉक्टर. म्हणून खुलासा छापा, त्याच पानावर, आतल्या कोपऱ्यात नको. आणि जाता जाता, ई-पेपरमध्ये आरोग्याचं पान मोठं केलं की उजवीकडचा कॉलम कापला जातो, हे मी मार्चमध्ये कळवलं होतं, अजून तसंच आहे. ज्यांना चष्मा लावूनही दिसत नाही तेच हे पान सगळ्यात जास्त वाचतात.

माझा नवीन डॉक्टर बरा आहे, तरुण आहे, पंधरा मिनिटं देतो. दर वेळी सल्फाचं मीच आधी सांगते. ह्यांच्या पुढच्या वर्षाच्या मेंबरशिपचं पत्र चार दिवसांपूर्वी आलं, फी ३०० डॉलरने वाढलीय. कागद डायनिंग टेबलवर पडलाय. ती तळव्याची जखम आठवली की मी पेन ह्यांच्या हातात देते, आणि फेब्रुवारीतली ती रात्र आठवली की हे पेन परत खाली ठेवतात. शेवटची तारीख १५ आहे.

आपली,
एक जुनी वाचक, न्यू जर्सी