भूकंप २.६ चा, टाकी दोन हजार लिटरची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३ एप्रिल २०२५ ला सांगोल्याजवळ २.६ चा सौम्य धक्का बसला, कुठं नुकसान नाही, घाबरू नका, एवढ्यावर विषय मिटला. नुकसान नाही झालं हे चांगलंच, पण त्या निमित्तानं आपल्या सोलापुरातल्या गच्च्यांकडं एकदा नीट बघावं असं वाटायला लागलंय म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी राहतो जुळे सोलापुरात पण त्या दिवशी नेमका सांगोल्याकडं ताईच्या वस्तीवर होतो. सकाळचे साडेअकरा व्हायला आले होते, ऊन असलं की अंगणात अनवाणी पाय टेकवत नव्हता, आम्ही सगळे पत्र्याच्या शेडात चहा घेत बसलेलो. आधी आवाज आला, जमिनीखालनं गुर्रर्र करत काहीतरी गेल्यासारखा, आणि त्याच्या मागोमाग खुर्चीला खालनं एकच दणका, झालं, संपलं. मांडणीवरची ताटं खणखणली, पत्र्याचा एक ढिला नट थोडा वेळ टिकटिक करत राहिला, गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. दाजी म्हणाले, "कुणीतरी विहिरीत सुरुंग उडवला बघा." ताई म्हणाली, "सुरुंग कुठला, बोअरची गाडी लागली असंल शेजारी." भूकंप हा शब्द कुणाच्या तोंडात आलाच नाही! आमच्या भागात जमीन हादरली की माणूस पहिला सुरुंग म्हणतो, मग बोअर, मग विमान, भूकंपाचा नंबर सगळ्यात शेवटी. नंतर मोबाईलवर बातमी आली तेव्हा कळलं, ११ वाजून २२ मिनिटांनी, खोली ५ किलोमीटर. खोली एवढी कमी असली की धक्का लहान असला तरी आवाज ऐकू येतो, आपण तो सुरुंगाच्या खात्यावर टाकतो इतकंच.

सोलापुरात फोन केला तर घरी कुणाला काहीच जाणवलं नव्हतं, आणि इतक्या लांबून २.६ चा धक्का जाणवायचं काही कारणही नाही. पूर्व भागात माझा एक मित्र आहे, त्याचे पॉवरलूम आहेत, तो म्हणाला "आमच्याकडं माग चालू असले की जमीन रोजच हलते, भूकंपाला यायचंच असेल तर त्याला सांग लाईट गेल्यावर ये, तरच कळेल." हसलो, पण खरंय ते. जुलै २०२२ ला विजापूर जिल्ह्यात ४.४ चा झाला होता, तो सकाळी सकाळी सोलापुरातही बऱ्याच जणांना जाणवला होता, आठवत असेल.

दुपारनंतर व्हॉट्सअॅपवर नेहमीचा कारभार सुरू झाला. आज रात्री ११ ते ३ मोठा धक्का, नासानं सांगितलंय, सगळ्यांनी मैदानात झोपा, दहा ग्रुपवर पाठवा. अमुक वाजता भूकंप होणार हे आज जगात कुणालाच सांगता येत नाही, नासाला नाही आणि पुढच्या गल्लीतल्या काकांनाही नाही. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या साईटवर कुठं झाला, किती खोल, किती मोठा हे सगळं मराठी शाळेतल्या पोराला कळेल इतकं सरळ दिलेलं असतं, ते कुणी बघत नाही. पण मेसेज पाठवणाऱ्यांवर मी फार चिडत नाही, कारण इथल्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाच्या मनात किल्लारी बसलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक थकून झोपले होते, पहाटे चारला काही मिनिटं कमी. सोलापुरातसुद्धा लोक अंथरुणातनं उठून रस्त्यावर पळाले होते, तिकडच्या कितीतरी जखमींना सोलापूरच्या दवाखान्यांत आणलं होतं, आणि नंतर कितीतरी रात्री लोक घर असून अंगणात झोपले. गेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या आसपास. तो ६.२ चा होता. आकड्यांत ६.२ आणि २.६ काही फार लांब वाटत नाहीत पण भूकंपाचं माप असं आहे की एक आकडा वाढला की शक्ती साधारण ३२ पट होते, हिशोब मांडला तर किल्लारीच्या एका भूकंपात सांगोल्याचे अडीच लाख धक्के मावतील. म्हणून सांगोल्याला घाबरायचं कारण नव्हतंच.

पण किल्लारीत माणसं मेली कशानं हे बघा. जमिनीनं कुणाला गिळलं नाही, मारलं ते घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, त्यात आरपार जाणारा दगड नाही, म्हणजे आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून नाही, आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. माळवद गळायला लागलं की दर पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची, ती काढायची कुणी नाही, असं करत करत डोक्यावर फूट-दोन फूट माती साठलेली. उन्हाळ्यात घर गार राहायचं, त्यामागं शहाणपण होतं, पण जमीन हलली तेव्हा तेवढं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. शिवाय भूकंपाच्या धोक्याच्या त्या वेळच्या सरकारी नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होती. नकाशा नंतर बदलला, २००२ च्या नकाशात सोलापूर झोन ३ मध्ये आलं, कोयना झोन ४ मध्ये. म्हणजे "आपल्याकडं भूकंप होत नसतो" हे वाक्य सरकारी कागदसुद्धा म्हणत नाही.

आता सोलापुरातली कुठलीही गच्ची बघा. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, उजनी धरणावरनं यायच्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीचं ऐकत ऐकत आमचे केस पांढरे झाले, मग माणूस करणार काय, टाकी वाढवतो. बिल्डरनं एक दिलेली असते, मग प्रत्येक फ्लॅटवाला आपली हजाराची वेगळी चढवतो, पोराचं लग्न झालं की अजून एक. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हजार लिटर म्हणजे एक टन, दहा-बारा फ्लॅटच्या बिल्डिंगवर नुसत्या नंतर चढवलेल्या टाक्यांचं वजन दहा-पंधरा टन सहज होतं, आणि ते कुणाच्या डिझाईनमध्ये धरलेलं नसतं. हे आमचं नवीन माळवद आहे, फक्त मातीच्या जागी पाणी. आमच्या शेजारच्या बिल्डिंगवर मी मुद्दाम वर जाऊन बघितलं, दोन हजार लिटरची काळी टाकी, तिच्याखाली कडाप्पा, आणि कडाप्प्याखाली विटांचे चार खांब, छातीएवढे उंच, प्लास्टर नाही, सळई नाही, एका खांबाच्या खालच्या दोन विटा ओलीनं भुगा झालेल्या, बोट लावलं तर लाल पीठ हाताला येतंय. उंची कशासाठी, तर गीझरला प्रेशर मिळावं म्हणून. आणि ही टाकी बरोबर जिन्याच्या दाराच्या वर, खाली कठड्यापलीकडं पोरं क्रिकेट खेळतात. हिला ६.२ लागणारच नाही, विजापूरसारखा एखादा जरा जवळ आणि जरा मोठा झाला तरी पुरे.

बिल्डिंगचं वजन जितकं वर, तितका हिसका खालच्या कॉलमला, आणि आपल्याकडं खाली तर पार्किंग, भिंती नाहीतच, नुसते कॉलम. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये असल्याच पार्किंगवाल्या बिल्डिंगा खाली बसल्या होत्या. हे इंजिनिअर लोकांना पाठ आहे, गच्चीवरच्या प्लंबरला नाही, आणि टाकी कुठं ठेवायची ते आपल्याकडं प्लंबरच ठरवतो.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत. महापालिकेनं नवीन परवानगी देताना गच्चीवर किती लिटर हे लिहून घ्यावं आणि जुन्या बिल्डिंगांना निदान एक नोटीस काढावी, की विटांच्या खांबावरची टाकी उतरवा नाहीतर लोखंडी स्टँड करून आडवे-तिडवे अँगल मारून घ्या. फार खर्चाचं काम नाही, फॅब्रिकेशनवाला एका दिवसात करून देतो. बाकी जास्तीचं पाणी खालच्या हौदात ठेवा, मोटर आहेच की. तालुक्याला ज्यांची माळवदं अजून आहेत त्यांनी वरची जादा माती उतरवून घ्यावी, त्याला तर परवानगीही लागत नाही. आणि महापालिकेला गच्च्या खरंच हलक्या करायच्या असतील तर पाणी एक दिवसाआड नियमित सोडून दाखवा, अर्ध्या टाक्या लोक स्वतःच काढतील, जागा अडते म्हणून बायका आधीच ओरडतायत.

तुमच्या पेपरात शहरातल्या एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बसवून टाकीचं स्टँड कसं असावं याचं चित्रासकट अर्धं पान छापलंत तर मी ते आमच्या जिन्यात चिकटवणार आहे. शेजारच्या बिल्डिंगच्या चेअरमनला विटा दाखवल्या तर ते म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही की हो", आणि मोटर बंद करायला खाली गेले.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर